नर्सरीचं वर्षभराचं नियोजन खेळातून कसं बसवायचं? (वय ३ ते ४, २२ मुलं, एक खोली, एक अंगण)

अंगतपंगत

नमस्कार मंडळी, इथे पहिल्यांदाच लिहितेय, थोडं लांबलंय, सांभाळून घ्या.

मी कराडजवळच्या एका गावात या जूनपासून नर्सरीचा वर्ग सुरू करतेय. आधी चार वर्षं एका शाळेत नर्सरीला शिकवायचे. तिथे पहिल्या आठवड्यापासून वही-पेन्सिल, स्टँडिंग लाईन, स्लीपिंग लाईन, मग कर्व्ह, आणि दिवाळीच्या आत कॅपिटल एबीसीडी आणि १ ते २० संपलेच पाहिजेत. तीन वर्षांची एक मुलगी होती वर्गात, तिचा हात धरून मी रोज एक पान पूर्ण करून घ्यायचे, कारण पान रिकामं दिसलं की मला विचारणा व्हायची. ती पेन्सिल मुठीत धरायची आणि इतकी दाबायची की कागद फाटायचा. एक दिवस मी नुसती तिच्या शेजारी जाऊन बसले तर तिने हात पाठीमागे लपवला. काही बोलली नाही, रडली नाही, फक्त हात लपवला. त्या वर्षाच्या शेवटी मी नोकरी सोडली.

आता स्वतःचं करायचं तर खेळातूनच करायचं हे ठरलंय, पण नियोजन करायला बसले की डोकं चालत नाही. १५ बाय २० ची खोली आहे, पुढे अंगण, अंगणात शेवग्याचं झाड, २२ प्रवेश झालेत, मदतीला एक मावशी आहेत, वेळ ९ ते १२, सामानासाठी १५,००० बाजूला काढलेत. नेटवर प्लॅन शोधले तर सगळीकडे थीमचे आठवडे, अ‍ॅपल वीक, विंटर वीक, स्नोमॅन, आमच्या मुलांनी बर्फ फक्त गोळ्याच्या गाडीवर बघितलाय. आणि त्या प्लॅनमध्ये खेळ म्हणजे सफरचंदाच्या चित्रात लाल रंग भरणे, म्हणजे वर्कशीटच की हे. पण दुसऱ्या बाजूला नुसतं 'खेळा' म्हणून सोडून दिलं तर तीन तास गोंधळ होईल ही पण भीती वाटते. आणि पालक, त्यांना दिवाळीत काय दाखवू? प्रवेश घेतानाच तिघांनी विचारलंय की वह्या कधी आणायच्या.

ज्यांनी असं चालवलंय त्यांनी सांगा, वर्षाचा कागद नेमका भरायचा कसा?

बालवाडीवाली

अंगतपंगत, त्या मुलीचा हात तुम्हाला दिसला. मला असले हात पहिली आठ-दहा वर्षं दिसत नव्हते, म्हणून मनापासून लिहितेय. २७ वर्षं बालवाडी चालवली, आता माझ्याकडे शिकून गेलेल्या मुली चालवतात.

वर्षाचा कागद मे महिन्यात भरूच नका. मे मध्ये फक्त जागा, वेळ आणि सामान ठरवा, बाकी मुलं आल्यावर त्यांच्याकडे बघून ठरतं.

जागेचं आधी. २०१३ च्या राष्ट्रीय बालशिक्षण धोरणात ३० मुलांना ३५ चौरस मीटर खोली आणि ३० चौरस मीटर अंगण असं माप दिलंय, ३ ते ६ च्या २० मुलांमागे एक मोठं माणूस. तुमची खोली २८ चौरस मीटरच्या आसपास होते, मुलं २२, तुम्ही आणि मावशी दोघी, म्हणजे बसतं सगळं. पण मावशींना झाडलोट आणि शू-शीपुरतं ठेवू नका, त्यांना पण मुलांजवळ खाली बसवा, गोष्टी सांगायला लावा, आमच्या मावशींना जात्यावरच्या ओव्या यायच्या, तसं गाणं मला कधी जमलं नाही.

खोलीचे चार कोपरे करा आणि पाचवा अंगणात. एकात भातुकली, एकात लाकडी ठोकळे, एकात पुस्तकं आणि गोधडी, एकात माती-रंग-कात्री, आणि बाहेर वाळू-पाणी. एका कोपऱ्यात चार-पाच मुलं, जास्त झाली की मारामारी. भातुकली प्लॅस्टिकची घेऊ नका, जुन्या बाजारातून खरी छोटी भांडी आणा, पोळपाट-लाटणं, गाळणी, फुलपात्रं, झारा, मसाल्याचा रिकामा डबा. खऱ्या भांड्याला वजन असतं, आवाज असतो, ते हातातून पडलं की पडल्यासारखं वाटतं. ठोकळे सुताराकडून, उरलेले तुकडे मागून आणायचे आणि पॉलिशपेपरने घरी घासायचे, शंभर-सव्वाशे तरी हवेत, वीस ठोकळ्यांत भांडणाशिवाय काही होत नाही. वाळू चाळून घ्या आणि रात्री न विसरता झाका, मांजरं घाण करतात. पैशातले पाच-सहा हजार चित्रांच्या पुस्तकांना ठेवा, नॅशनल बुक ट्रस्टची आणि प्रथमची मराठी पुस्तकं स्वस्तात मिळतात, फाटणार हे धरूनच चाला.

वेळेचं. पोरं सकाळी ताजी येतात आणि आपण तो वेळ रांग-प्रार्थना-हजेरीत घालवतो. माझ्याकडे दारातून आलं की चप्पल काढायची आणि थेट कोपऱ्यात, ९ ते ९.५० मुक्त खेळ. मग गोल करून पंधरा मिनिटं गप्पा-बडबडगीतं, त्यातच हजेरी, मग हात धुणं आणि डबा, डबा अजिबात घाईने उरकू नका, झाकण उघडणं, वाढून घेणं, सांडलेलं पुसणं हे सगळं शिकणंच आहे. मग अंगण चाळीस-पन्नास मिनिटं, मग एक छोटा गट तुमच्याबरोबर काहीतरी करेल आणि बाकीचे मावशींबरोबर खेळतील, शेवटी गोष्ट. हा क्रम वर्षभर बदलायचा नाही. तीन वर्षांच्या मुलाला घड्याळ कळत नाही पण 'डब्यानंतर अंगण आणि गोष्टीनंतर आई' हे पक्कं कळतं आणि त्यावरच ते रडायचं थांबतं. गोंधळाची भीती वाटते म्हणालात ना, गोंधळ होतो तो क्रम रोज बदलला की.

आता कागद. एक साधी दोनशे पानी वही करा, रोज तीनच मुलांकडे नीट बघायचं आणि तिघांबद्दल दोन-दोन ओळी लिहायच्या, २२ मुलं आठ दिवसांत एकदा होतात. 'छान खेळला' असलं लिहायचं नाही, जे दिसलं ते लिहायचं. माझ्या वहीतली एक नोंद अजून पाठ आहे. एक मुलगा, पावणेचार वर्षांचा, घमेल्यातल्या पाण्यातून फुलपात्राने पातेल्यात पाणी भरत होता आणि मोजत होता, एक, दोन, पाच, सहा. पातेलं भरलं. मग ते ओतून दिलं आणि वाटीने भरायला घेतलं, वाटी लहान, त्यामुळे किती ओतलं तरी पातेलं भरेना. तो थांबला, वाटी उलटी करून तिच्या बुडाकडे बघितलं, भोक आहे का म्हणून! मी काही बोलले नाही, फक्त दुसऱ्या दिवशी तिथे तीन मापाची भांडी आणि एक नरसाळं ठेवलं. तो आठवडाभर तिथून हलला नाही आणि शनिवारी दुसऱ्या पोराला सांगत होता, 'बारक्यानं लय येळा घालावं लागतंय.' मापनाचा धडा याहून चांगला मला शिकवता आला नसता. तर पुढच्या आठवड्याचं नियोजन असं या आठवड्याच्या वहीतून निघतं. दर शनिवारी अर्धा तास बसा, वही वाचा, कुठल्या कोपऱ्यात काय नवीन ठेवायचं, काय काढायचं, कुठली गोष्ट, कुठलं गाणं एवढं लिहा, झालं.

आणि थीम तुमच्या दारात आहेत. जूनला पहिला पाऊस आणि मृगाचे लाल मखमली किडे, तळहातावर घेऊन बघायचे आणि परत मातीत सोडायचे. मग होड्या, पेरणी, वारीची दिंडी, बेंदराला मातीचे बैल, गणपतीत शाडू, हादग्याला पाटावरच्या हत्तीभोवती फेर आणि खिरापत ओळखणं, चव आणि वासाचा इतका छान खेळ दुसरा नाही. दिवाळीला किल्ला, हळीव पेरायचे आणि रोज बघायचे. थंडीत तुमच्या भागात गुऱ्हाळं, तिथे एक चक्कर. तिळगूळ, होळी, चिंचा, कैऱ्या. वर्ष असं सरतं की पुरत नाही.

बालशिक्षणातल्या तारबाई आणि अनुताई वाघांनी हेच केलं की, ताराबाई मोडक १९४५ ला डहाणू भागातल्या बोर्डीला गेल्या, १९५७ ला काम कोसबाडच्या टेकडीवर नेलं, तिथली मुलं गुरं राखायची, भावंडं सांभाळायची, बालवाडीत येईनात, तर त्यांनी बालवाडीच पाड्यावर अंगणात नेली. अंगणवाडी शब्द तिथला. गुराख्यांसाठी कुरणशाळा काढली, सामान म्हणजे दगड, बिया, शंख, पानं. महागडं किट नाही म्हणून अडलंय असं ज्यांना वाटतं त्यांनी तेवढं एक वाचावं.

(वर तारबाई झालंय, ताराबाई वाचा. फोनवरून लिहितेय.)

गावाकडची

मी अंगणवाडी सेविका आहे, १४ वर्षं झाली. बालवाडीवाली ताईंनी सगळं सांगितलंच आहे, माझ्याकडून दोन-तीन गोष्टी.

ताई, तुम्हाला कागदच हवा असेल दाखवायला तर केंद्राच्या महिला बालविकास मंत्रालयाचा 'आधारशिला' अभ्यासक्रम बघा, २०२४ चा, ३ ते ६ वयासाठी. ४८ आठवड्यांचा आहे आणि त्यातले पहिले ४ आठवडे नुसते मुलं रुळण्यासाठी ठेवलेत, मग ३६ आठवडे खेळ-कृती आणि शेवटचे ८ उजळणीचे. ते पहिले चार आठवडे तुम्ही खरंच पाळा. आमच्याकडे जूनमध्ये मुलं दाराला धरून रडतात, त्या दिवसांत काही शिकवायचं नाही, मांडीवर घ्यायचं, दारात आईला बसू द्यायचं, हळूहळू आई उंबऱ्याच्या बाहेर, मग झाडाखाली, मग घरी. याला वेळ दिला नाही तर सप्टेंबरपर्यंत रडणं सुरूच राहतं.

दुसरं, बिया-मणी ठेवताना फार जपा. चिंचोके, वाटाणे, मणी नाकात घालतात, कानात घालतात, माझ्यासमोर झालंय, पोरीच्या नाकातला वाटाणा फुगला आणि दवाखान्यात न्यावं लागलं. तीन वर्षांच्या गटात मुठीत मावणार नाही एवढंच मोठं सामान उघडं ठेवा, करवंट्या, डब्यांची झाकणं, लाकडी चकत्या, बांगड्या पण काचेच्या नको. चिंचोके काढले तर तुम्ही स्वतः समोर बसायचं आणि मोजून परत डब्यात. आणि गुंजा तर घरात पण ठेवू नका, दिसायला लाल-काळ्या सुंदर असतात पण विषारी आहेत.

रंगीत क्ले विकत घेऊ नका. दोन वाट्या मैदा, एक वाटी मीठ, दोन चमचे तेल, लागेल तसं पाणी, रंगाला हळद नाहीतर बीट. पावसाळ्यात मिठाला पाणी सुटतं आणि गोळा सैल होतो, तेव्हा परत थोडा मैदा टाकून मळायचा, मळायला पोरांनाच द्यायचा, बोटांना त्याच्याइतका व्यायाम कशात नाही. फक्त खाऊ देऊ नका, मीठ फार असतं.

आरुषची_आई

सगळ्यांचं वाचलं, छान वाटलं, पण आई म्हणून माझं वेगळं मत आहे आणि ते इथे कुणीतरी मांडायला हवं. माझा मुलगा अशाच खेळाच्या नर्सरीत होता, खूप खुश होता, पण पुढे दुसऱ्या शाळेत घालताना त्यांनी त्याला समोर बसवून अक्षरं विचारली, त्याला एकही लिहिता आलं नाही, बाकीची पोरं भराभर लिहीत होती. प्रवेश मिळाला नाही. तो घरी येऊन मला म्हणाला, आई मला काहीच येत नाही का? तेव्हापासून मी रात्री स्वतः बसवून लिहून घेते आणि दोघंही रडतो. खेळ चांगला हे मला मान्य आहे हो, पण पुढची शाळा खेळाची नसेल तर त्या मुलाने काय करायचं? अंगतपंगत ताई, याचं उत्तर तुमच्याकडे नसेल तर पालक दिवाळीनंतर मुलं काढून दुसरीकडे घालतील, मी आमच्या गल्लीत बघितलंय.

बालवाडीवाली

आरुषच्या आई, तुम्ही लिहिलंत ते बरं केलंत, हाच प्रश्न सगळे पालक मनात ठेवून बसतात आणि मग एक दिवस दाखला मागायला येतात.

पहिलं म्हणजे त्या शाळेने केलं ते पहिलीच्या प्रवेशासाठी असेल तर कायद्यात बसत नाही. आरटीई म्हणजे शिक्षण हक्क कायदा २००९, त्याच्या कलम १३ मध्ये स्पष्ट आहे, प्रवेश देताना मुलाची किंवा पालकांची कसलीही चाळणी परीक्षा घ्यायची नाही. आणि २०२२ च्या ऑक्टोबरमध्ये पायाभूत स्तराचा राष्ट्रीय आराखडा आला, ३ ते ८ वयाचा, त्यातही या वयाला परीक्षा योग्य नाही आणि शिकवणं खेळातून असंच लिहिलंय. प्रत्यक्षात सगळीकडे तसं होत नाही हे मलाही दिसतं, तरी पालकांना निदान माहीत असावं की बरोबर तुम्ही आहात, चूक समोरचा करतोय.

दुसरं, लिहिण्याचं. जन्मताना बाळाच्या मनगटातली आठही छोटी हाडं कुर्चेची असतात, ती एकेक करून हाड होत जातात, तिसऱ्या-चौथ्या वर्षी त्यातली निम्मी सुद्धा पुरती झालेली नसतात आणि शेवटचं हाड व्हायला आठ ते बारा वर्षं जातात. हात अजून घडतोच आहे, त्या वयात पोरगी पेन्सिल मुठीत धरते यात नवल नाही. तीन बोटांची पकड बहुतेकांना साडेचार-पाचच्या पुढे आपसूक येते, पण आधी खांदा, मग कोपर, मग मनगट, मग बोटं अशी ताकद यायला लागते आणि ती येते झाडाला लोंबकळून, पाण्याची बादली उचलून, कणीक मळून, मटार सोलून. हे पालकांना नुसतं सांगू नका, करून दाखवा. मी जुलैच्या सभेत पालकांना तासभर कोपऱ्यांत बसवायचे, खाली, पोरांच्या शेजारी, आणि आधी एक चिठ्ठी हातात द्यायचे की तुमचं मूल या तासात किती नवीन शब्द बोलतं, किती वेळा मोजतं, किती वेळा दुसऱ्याची वाट बघतं ते लिहा. एक बाप होता, वीटभट्टीवर कामाला, तो ठोकळ्यांपाशी बसला आणि पोरीने सांधा सोडून ठोकळा ठेवला ते बघून उडालाच, 'अहो ही वरच्या थराला जोड मोडतीया, हे मला शिकायला महिना लागला.' त्यानंतर त्या घरातून वहीचा प्रश्न कधी आला नाही.

घरी द्यायचं कामही खरं द्या. लसूण सोलणे, शर्टाची बटणं, ताटं मांडणे, चपलांच्या जोड्या लावणे. पालकांना 'घरचा अभ्यास' मिळाल्याचं समाधान मिळतं आणि मुलाला कामाचं.

आणि आरुषला आज रात्री बसवू नका. आठवडाभर फक्त गोष्ट वाचून दाखवा, त्याच्या तोंडची एक ओळ तुम्ही लिहा आणि त्याच्यासमोर बोट फिरवत वाचा. आपण बोललो ते कागदावर बसतं हे पोराला दिसलं की अक्षर त्याला हवंसं होतं.

लेस्टरकर

मी माहेरची सांगलीची, गेली नऊ वर्षं इथे इंग्लंडमध्ये लेस्टरला नर्सरीत काम करते. इथे २००८ पासून जन्मापासून पाच वर्षांपर्यंत सगळ्यांना एकच आराखडा आहे, सात भाग आहेत त्यात, आणि त्यातले पहिले तीन पाया धरतात, बोलणं, शरीर आणि मन-मैत्री. वाचन-लेखन-गणित त्याच्या नंतर येतं. बाहेरचं खेळणं रोज, पावसात पण, रेनकोट आणि गमबूट घालून चिखलात, आमच्या कोपऱ्यात जुनी पातेली ठेवलेली मातीची चूल आहे, बघितल्यावर मला माहेरच आठवलं.

माझी एकच सूचना, वहीला जपा. इथे कितीतरी वर्षं आम्ही प्रत्येक मुलाचे फोटो काढून, चिकटवून, प्रत्येकाखाली कुठल्या भागातलं कुठलं शिकणं झालं ते लिहीत बसायचो, मूल समोर बोलत असायचं आणि मी टॅबमध्ये डोकं घालून. २०२१ ला आराखडा बदलला तेव्हा हे कागदाचं काम मुद्दाम कमी करायला सांगितलं गेलं. त्यामुळे ताईंनी सांगितलं तेवढंच, तीन मुलं, दोन ओळी, मुलं घरी गेल्यावर. खेळ चालू असताना हातात पेन नको.

आणि घरची भाषा. माझ्या वर्गात गुजराती, पंजाबी, पोलिश बोलणारी मुलं असतात, आम्हाला सांगितलेलं आहे की मुलाची घरची भाषा वर्गात आलीच पाहिजे. तुमच्याकडे पालक इंग्लिश मागतील, गाणी घ्या इंग्लिशमधली दोन-चार, पण भांडण, गप्पा, गोष्ट मराठीतच आणि 'लय येळा' म्हणणाऱ्या पोराला 'खूप वेळा म्हण' असं करू नका प्लीज.

अंगतपंगत

सगळ्यांचे खूप आभार. आज १२ जुलै, मुद्दाम महिना थांबून लिहितेय.

नेटचा प्लॅन बाजूला ठेवला. क्रम पक्का केला आणि तो खरंच चालला, तिसऱ्या आठवड्यापासून पोरं स्वतःच म्हणतात आता हात धुवायचे. रडणारे नऊ होते, आता एकच आहे. मृगाचे किडे सापडले नाहीत पण गांडुळं सापडली आणि चार दिवस तेच चाललं. सुताराने १४० तुकडे दिले, पैसे घेतले नाहीत, त्याची नात माझ्याकडेच आहे. वही लिहितेय रोज तिघांची, पहिल्या आठवड्यात 'छान खेळली' असंच लिहिलं गेलं, आता जमतंय हळूहळू.

आता एक अडलंय. एक मुलगा आहे, साडेतीनचा, तो कुठल्याच कोपऱ्यात खेळत नाही. बाजाराची कापडी पिशवी घेतो, त्यात हाताला लागेल ते भरतो, ठोकळे, लाटणं, पुस्तकं, दुसऱ्याच्या चपला, आणि फरफटत खोलीच्या दुसऱ्या टोकाला नेऊन ओततो. परत जातो, परत भरतो. बाकीची मुलं वैतागतात, रडतात, कालच पोळपाट नेला म्हणून एकीने त्याला चावा घेतला. मावशी म्हणतात पिशवी लपवून ठेवू. मी दोन दिवस लपवली तर त्याने एका मुलीला फ्रॉकचा ओचा करायला लावून तिच्याकडूनच सामान उचलवलं. रागावले नाही, पण काय करावं कळत नाही. तीनदा वहीत लिहिलंय, तेच तेच.

लेस्टरकर

अगं, हे या वयात खूप मुलं करतात. काहींना सगळं गोल फिरवायचं असतं, काहींना सगळं गुंडाळायचं असतं, तुझ्या मुलाला वाहून न्यायचंय. आमच्याकडे याला स्कीमा म्हणतात. एकच गोष्ट शंभरदा करून तो इथून तिथे, जड-हलकं, भरलं-रिकामं हे अंगात मुरवून घेतोय. लपवून थांबत नाही ते, तू बघितलंसच.

बालवाडीवाली

थांबवू नकोस, त्याला नेण्यासारखं काम दे. सगळ्यांचे डबे कट्ट्यावरून गोलात आणायचे, वाळू एका घमेल्यातून दुसऱ्यात, झाडाला पाणी. ठोकळ्यांच्या कोपऱ्यात हात लावायचा नाही हे प्रेमाने पण ठाम सांग, आणि त्याच्यासाठी वेगळं सामान भरलेलं खोकं ठेव. आणि शनिवारी वही वाचताना एक विचार, तो नेतो कुठे? ओतल्यावर काय करतो? तुझ्या तीन नोंदींत तेवढं नाहीये. आणि घरी कोण काय काम करतं ते विचारलंस का?

अंगतपंगत

ताई, आज फक्त त्याच्याकडेच बघत बसले, बाकीच्यांना मावशींनी सांभाळलं. तो ओतल्यावर नुसतं टाकून देत नाही हो! खिडकीखाली ओततो आणि मग सगळं बाजूबाजूला मांडतो, ठोकळ्यांचा वेगळा ढीग, पुस्तकांचा वेगळा, चपला एका रांगेत. मग जमिनीवर मांडी घालून बसतो, कुणीतरी येईल म्हणून वाट बघतो, कुणी येत नाही, मग परत पिशवी उचलतो. माझ्या वहीत मी नेहमी ओतण्यापाशीच थांबले होते.

दुपारी आईला विचारलं तर वडिलांचा भाजीचा टेम्पो आहे, गुरुवारी बाजाराला जातात आणि सुट्टीत हा पण पहाटे त्यांच्याबरोबर जातो, कांद्या-बटाट्याचे ढीग लावतो.

मग मी जाऊन त्याच्यासमोर उकिडवी बसले आणि विचारलं, चपला कशा दिल्या? तो पहिल्यांदा माझ्याकडे बघून बोलला, 'दहाला येक. ताज्या हायत.' मी एक घेतली, हातात पैसे दिल्यासारखं केलं, त्याने कपाळाला लावून खिशात टाकले, भवानी झाली म्हणाला. पाच मिनिटांत तिथे सहा मुलं होती आणि चावा घेतलेली पण पिशवी घेऊन आली.

पुढच्या आठवड्याचं लिहिलंय, खिडकीखाली बाजार. वडील दोन रिकामी क्रेट आणि जुना हातातला तराजू देतो म्हणालेत. भाजी खरी आणू का मातीची करू? आणि तराजूला वजनं कुठली ठेवू, घरी अर्धा किलो-पाव किलोची लोखंडी आहेत.

बालवाडीवाली

वाचून डोळे भरले गं. भाजी खरीच आण, कांदे, बटाटे, दोडका, एक भोपळा, आठवड्याच्या शेवटी धुऊन त्याचीच भाजी करा सगळे मिळून. लोखंडी वजनं नको, पायावर पडतील. नदीचे गोटे ठेव, लहान-मोठे आठ-दहा, कुठला कशाच्या बरोबरीचा ते त्यांना शोधू दे. पहिले दोन दिवस तराजू ठेवूच नकोस, तो मुलगा मागेल, मग आण.

गावाकडची

आणि क्रेटच्या कडांच्या तारा-खिळे बघून घ्या आधी, कुसळं पण असतात लाकडी असेल तर. गुरुवारीच सुरू करा ना ताई, गावात बाजार असतो त्याच दिवशी.